बागेश्रीच्या नावाखाली

पाळी जाण्याच्या वयातली बाई नीट झोप होत नाही म्हणाली, की तिला हल्ली चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: गाणी ऐका. डॉक्टर सांगतात, नणंद फोनवर सांगते, योगवर्गाच्या बाई सांगतात, मासिकातलं आरोग्याचं पान सांगतं. झोपेसाठी बागेश्री, झोप आणि चिडचिड दोन्हींसाठी दरबारी, उदास वाटत असेल तर यमन किंवा भूप, असा तक्ताच मोबाइलवर फिरत असतो. त्याच्याखाली तीन वाक्यं ठरलेली असतात. हा निसर्गाचा टप्पा आहे. गोळ्यांच्या आणि हार्मोन्सच्या नादी लागू नका. मन रमवलं की शरीर आपोआप ताळ्यावर येतं.

मी गाणं शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीतल्या आहेत, त्यामुळे हा सल्ला माझ्या कानावर सारखा पडतो. तो माझ्या विषयाचं नाव घेऊन दिला जातो, म्हणून त्याचा मला जास्त राग येतो. गाण्याने माणसाला बरं वाटतं हे मला कुणी पटवून द्यायला नको. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं आहे. पण संगीतोपचार म्हणून या बायकांच्या हाती आज जे दिलं जातं, ते त्यांची तक्रार ऐकून न घेण्याचं सभ्य साधन झालं आहे. हे थांबायला हवं.

आधी तिची झोप का मोडते ते पाहू. पाळी बंद होऊन सलग बारा महिने गेले की वैद्यक त्याला रजोनिवृत्ती म्हणतं. त्रास मात्र त्याच्या कितीतरी आधी, पाळी मागेपुढे होऊ लागते तेव्हाच सुरू होतो. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचं सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, आपल्याकडे ते ४६-४७ आहे. नोकरी, मुलाची बारावी आणि सासूचं आजारपण हे सगळं एकाच वेळी अंगावर असतं, नेमक्या त्याच वर्षांत इस्ट्रोजेन उतरू लागतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा असते. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा अंकुश असतो. तो सुटला की त्या अतिसक्रिय होतात. एरवी शरीराची उष्णता थोडी वरखाली झाली तरी ती यंत्रणा खपवून घेते. आता तेवढी मुभा उरत नाही. किंचित ऊब वाढली तरी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, छाती-मान-चेहरा तापतो, वाफा निघतात, घाम फुटतो, काळीज धडधडतं आणि लगोलग अंगावर थंडी येते. हे रात्री दोनला होतं, पुन्हा साडेतीनला होतं. भिजलेला गाउन बदलायचा, पंखा वाढवायचा, मग थंडी वाजते म्हणून पांघरूण ओढायचं. तोवर झोप उडालेली असते.

या बाईला बागेश्री कधी ऐकायला सांगता? झोपण्यापूर्वी? पण दिवसभराच्या राबण्यामुळे ती पाठ टेकताच झोपते. तिला झोप लागते, टिकत नाही. ती गाढ झोपेत असताना जे तिला उठवतं, त्याला साडेदहा वाजता ऐकलेला आलाप तीन वाजता कसा अडवणार? इतका साधा प्रश्न तक्ता करणाऱ्यांना पडत नाही, कारण तुला जाग नेमकी कधी आणि कशाने येते, हे त्यांनी तिला विचारलेलंच नसतं. विचारलं असतं तर आणखीही काही कळलं असतं. रजोनिवृत्तीनंतर घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं वाढतं. थायरॉइड बिघडलेला असू शकतो. रक्तातलं लोह कमी असलं तर रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत. यांतल्या प्रत्येकाची तपासणी आहे आणि प्रत्येकावर उपचार आहे.

आता ते ‘निसर्गाचा टप्पा’ प्रकरण. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होणं हेही निसर्गाप्रमाणेच असतं. तरी आपण मुकाट्याने चष्मा करतो. डोळ्यांना गाणी ऐकवत बसत नाही. निसर्गाने होणारं सगळं सोसलंच पाहिजे, हा नियम फक्त बाईच्या गर्भाशयापुरता का? आणि सोसायचं म्हणजे किती दिवस? अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा ‘स्वान’ नावाचा अभ्यास आहे. ज्यांना वारंवार वाफा येतात अशांपैकी निम्म्या जणींना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ राहिला, असं त्यातून २०१५ साली पुढे आलं. ‘थोडे दिवस आहेत, निघून जातील’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सात वर्षं रोज मोडक्या झोपेवर पुरुषाने कचेरी सांभाळली असती, तर त्याला कुणी प्लेलिस्ट पाठवून गप्प बसलं असतं का?

हार्मोन्सच्या भीतीचं मूळही सांगायला हवं, कारण ही भीती खोटी नाही, अर्धवट आहे. २००२ साली अमेरिकेतला हार्मोन उपचारांचा एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात हे धोके त्यात दिसले होते. जगभर बातमी झाली आणि डॉक्टरांनी हात आखडते घेतले. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र बातमीत मागे पडलं. त्यातल्या कित्येक जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटली होती. पुढच्या वीस वर्षांत चित्र बरंच स्पष्ट झालं. वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल, स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, यकृताचा आजार असं काही नसेल आणि त्रास जोराचा असेल, तर बहुतेक जणींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं. वाफांवर याहून परिणामकारक उपाय नाही. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठीही वाटा आहेत: नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत, गॅबापेंटिन, आणि वर सांगितलेल्या त्याच चेतापेशींना आवर घालणारं फेझोलिनेटंट. हे शेवटचं अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. ते यकृताच्या तपासण्या करत घ्यावं लागतं. यांतलं कुणाला काय द्यायचं हे तिच्या डॉक्टरने तिची माहिती घेऊन ठरवायचं. पण असं काही असतं, हे तरी तिला सांगाल की नाही?

औषध नकोच असेल, तर तिथेही गाण्याच्या आधी दुसरं काही येतं. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली वर्तनोपचार सांगितला: उठण्याची वेळ पक्की करणं, अंथरूण फक्त झोपेपुरतं ठेवणं, झोप येईना तर तळमळत न पडता उठून बसणं, ‘आज झोप लागली नाही तर उद्या माझं काय होईल’ या धास्तीवर काम करणं. वाफा येणाऱ्या याच वयातल्या स्त्रियांवर हे उपचार नुसत्या टेलिफोनवरून करून पाहिले गेले आणि तरी त्यांची झोप सुधारली. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ साली हार्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला, त्यात वाफांसाठी वर्तनोपचाराची शिफारस आहे, संमोहनाचीही आहे. शिथिलीकरणाची किंवा संथ श्वसनाची नाही. शिफारस केलेल्या उपायांत संगीत नाही. याचं मला वाईट वाटत नाही. गाण्याने हायपोथॅलॅमसची दुरुस्ती करावी अशी अपेक्षा गाण्याकडून कुणीच करू नये.

मग गाण्याचा झोपेला काहीच उपयोग नाही का? आहे, आणि जे मोजलं गेलं आहे ते मोजलं गेलं तेवढंच सांगते. निद्रानाशासाठी संगीत ऐकण्यावर कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ताजा आढावा काढला. तेरा चाचण्या, १००७ माणसं. रोज २५ ते ६० मिनिटं संगीत, कुठे तीन दिवस तर कुठे तीन महिने. झोपेचा दर्जा विचारणारी एक प्रश्नावली असते, शून्य ते एकवीस गुणांची. संगीत ऐकणाऱ्यांचे गुण सरासरी पावणेतीनाच्या आसपास उतरले, म्हणजे स्वतःची झोप सुधारली असं त्यांनी सांगितलं. ही सुधारणा किरकोळ नाही. पण निद्रानाशाची तीव्रता मोजली तिथे पुरावा अगदीच कच्चा निघाला. शिवाय गाणं ऐकणाऱ्याला आपण गाणं ऐकतोय हे कळतंच. गोळीसारखं खोटं गाणं देता येत नाही, म्हणून स्वतः सांगितलेल्या सुधारणेकडे थोडं जपून पाहावं लागतं. बुडापेस्टमध्ये २००८ साली झालेल्या चाचणीत ९४ तरुण विद्यार्थी होते, तैवानमधल्या २००५ च्या चाचणीत साठीपुढची साठ माणसं. वाफांनी जागी होणारी पन्नाशीची बाई या दोन्हींत नाही. रजोनिवृत्तीतल्या स्त्रियांवर तुर्कस्तानात जी चाचणी झाली, तिच्यात पन्नासही जणी नव्हत्या. एवढ्या पायावर ‘पाळी गेल्यावर संगीत हाच रामबाण’ असं छापणाऱ्यांनी एकदा तरी या चाचण्या उघडून पाहिल्या आहेत का?

आणि रागांचा तक्ता? यावर मात्र मला गाणारी म्हणून बोलायचं आहे.

भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हे तेच पाच स्वर. एक संध्याकाळी गातात, दुसरा सकाळी. भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. चलन बदललं की सगळा भाव बदलतो. तेव्हा अमुक स्वरांच्या कंपनांचा अमुक ग्रंथीवर परिणाम होतो, हा दावा तिथेच कोसळतो. मालकंस आपल्याकडे उत्तररात्रीचा मानतात. तेच स्वर कर्नाटक पद्धतीत हिंदोलम म्हणून कोणत्याही वेळी गातात. तिकडच्या श्रोत्यांच्या मज्जासंस्था काही वेगळ्या घडवलेल्या नाहीत. आणि दरबारीच झोपेचा, तर कुठला दरबारी? विलंबित एकतालातला, आंदोलित गंधारावर श्वास धरायला लावणारा, की त्याच रागातला द्रुत तराणा? तो ऐकून झोप येईल की असलेली उडेल? झोपेसाठी मदत करतं ते संथ लयीचं, एकाएकी न उसळणारं, ओळखीचं, आवडीचं संगीत. त्याला रागाचं नाव असो वा नसो. जिला जुन्या मराठी भावगीताने शांत वाटतं, तिच्या कानात नावडता दरबारी घालून काय साधणार?

अलीकडे ४३२ हर्ट्झची भर पडली आहे. या पट्टीवर लावलेलं संगीत म्हणे शरीराशी जुळतं. आपल्या संगीतात षड्ज ठरलेलाच नसतो. एकीची पट्टी काळी पाच, दुसरीची पांढरी चार. सर्दी झाली तर आम्ही तोही अर्धा स्वर खाली घेतो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तंबोरा मिळवायचा हा आपला शेकडो वर्षांचा शहाणपणा. तो विसरून एका आकड्यापुढे हात जोडायचे आणि वर त्यालाच भारतीय परंपरा म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर महाराष्ट्रातला घ्या. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून आलेले वैद्य. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, याचं सविस्तर वर्णन आहे, आणि ते येतं नाद देहात कुठून उठतो हे सांगण्यासाठी. स्वतःची ओळख करून देताना शार्ङ्गदेव म्हणतो, की आपण जिज्ञासूंना विद्या दिली आणि रोग्यांना रसायनं दिली. सर्वांचे ताप शमावेत म्हणून आता हा ग्रंथ. ताप शमवण्याचं सामर्थ्य संगीतात आहे, ही त्याची श्रद्धा माझीही आहे. पण रोग्याला तो औषध देत होता. परंपरेच्या नावाने औषधं सोडायला सांगणाऱ्यांना हे कुणीतरी ऐकवलं पाहिजे.

‘आमच्या आज्यांना कुठे होतं असलं काही? पहाटे जात्यावर ओव्या गायच्या आणि ठणठणीत असायच्या.’ हे वाक्य तर हमखास येतं. ठणठणीत असायच्या हे कुणाला माहीत? त्यांना विचारलं होतं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला आहे. तो थोडा जरी वाचला तरी कळतं, की त्या बायका स्वतःला शांत करण्यासाठी गात नव्हत्या. सासुरवास, नवऱ्याचा मार, तुटलेलं माहेर, लेकीची काळजी, वांझ म्हणून झालेली हेटाळणी असं उजेडात बोलता न येणारं सगळं त्या गाण्यात बोलत होत्या. शेजारच्या जात्यावरची बाई ते ऐकत होती आणि पुढची ओवी जोडत होती. त्या आज्यांचा दाखला देऊन आजच्या बाईला इअरफोन लावून एकटीने, मुकाट पडायला सांगता? त्यांनी जे गाण्यातून बाहेर काढलं, तेच तुम्ही गाण्याखाली दाबायला सांगताय.

मनाच्या बाबतीत तर हे दाबणं धोक्याचं आहे. पाळी अनियमित होण्याच्या काळात नैराश्याचा धोका त्याआधीच्या काळाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी जास्त असतो, असं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. नैराश्य म्हणजे ‘आज जरा मूड नाही’ असं नसतं. सकाळी उठावंसं न वाटणं, कशातच रस न राहणं, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटणं, आणि काही जणींना याच्याही पुढचे विचार. नैराश्यात संगीतोपचाराचा उपयोग होतो, निदान सुरुवातीच्या काळात, हे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात आलं आहे. पण तो उपयोग नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिल्यावरचा आहे. आणि तिथे संगीतोपचार म्हणजे प्रशिक्षित माणसासमोर बसून गाणं, वाजवणं, ऐकणं आणि त्यातून जे वर येईल त्यावर बोलणं. या कामाचं रीतसर शिक्षण असतं. अमेरिकेत त्याची राष्ट्रीय संघटना १९५० सालीच उभी राहिली. प्लेलिस्टला संगीतोपचार म्हणणं म्हणजे त्या शिक्षणाचाही अपमान आहे आणि मानसोपचारांची गरज असलेल्या बाईची तर सरळ फसवणूक.

हा सल्ला घरात स्वतंत्र खोली आणि मोबाइलला पुरेसा डेटा असणाऱ्या बाईपुरताच सुचलेला आहे, हेही सांगायलाच हवं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारने नेमलेल्या समितीच्या वेळी ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येक जणी तिशी-चाळिशीतल्या. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर बाई एका रात्रीत रजोनिवृत्तीत ढकलली जाते. सवय व्हायला वेळच मिळत नाही आणि वाफा, घाम, हाडांची झीज सगळं अंगावर एकदम येतं. पुढच्या हंगामात तीच बाई कोपीत झोपते आणि अंधार असतानाच फडावर जाते. मुकादमाची उचल फेडायची असते. तिला कुठला राग सांगता? तिच्यासाठी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात या त्रासाचं नाव माहीत असलेला एक डॉक्टर मागायचा, की तक्ता पाठवून मोकळं व्हायचं?

शहरातल्या बाईकडे तरी वेळ कुठे आहे? संगीताच्या त्या चाचण्यांमधल्या माणसांना झोपण्यापूर्वी साधारण पाऊण तास, कुणीही हाक न मारता, नुसतं ऐकत पडायला मिळालं होतं. आपल्या केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, पुरुषाची ९७. रात्री साडेदहाला ओटा पुसून, दही विरजून, उद्याची भाजी निवडून ती खोलीत येते, तेव्हा तिला गाणं ऐक म्हणणाऱ्यांनी त्यातलं काय उचललं? पाऊण तास द्यायचा असेल तर ओटा कुणीतरी पुसावा लागेल. गाण्याच्या औषधाची ही किंमत घरातल्या इतरांनी भरायची आहे. म्हणूनच बहुधा ती सांगितली जात नाही.

मी माझ्या वर्गातल्या बायकांना गायला सांगते आणि सांगत राहीन. भजनी मंडळात जा, मंगळागौरीला जा, घसा बसेपर्यंत गा. आवाज लागला नाही तरी गा. ते त्यांच्या हक्काचं आहे आणि त्याला झोपेचं निमित्त लागत नाही. पण झोप मोडते म्हणून माझ्याकडे आलेल्या बाईला मी आधी डॉक्टरकडे धाडते. आणि पहिल्या डॉक्टरने ‘वय झालं, मन रमवा’ एवढंच सांगून परत पाठवलं, तर दुसऱ्याकडे धाडते.

मासिकांच्या संपादकांना आणि असे तक्ते पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी मागणी आहे. तुमचा बागेश्री जरूर छापा, पण त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत हेही छापा: रात्री घामाने उठावं लागत असेल तर त्यावर उपचार आहेत, ते मागा. घोरणं वाढलं असेल तर सांगा. थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच जीव रमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगू नये असं वाटलं तर त्याच दिवशी जा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी डॉक्टरकडे जायला थांबू नका. एवढं छापायला जागा पुरत नसेल, तर रागांची यादी कापा.